आरचा पाय

वडील पाट्या रंगवायचे, नॅचेझमध्ये,
मिसिसिपीच्या चढावरच्या गल्लीत.
खारीच्या केसांचा कुंचला,
मनगटाखाली टेकवायला हिकरीची काठी
आणि खिशात निळ्या खडूत माखलेली दोरी.
ती ताणून टिचकी मारली
की भिंतीवर सरळ रेघ उठायची
आणि मी, सात वर्षांची, टाळ्या पिटायचे.

माशांचं दुकान, न्हाव्याचं दुकान,
बेथेल चर्चचा फलक,
मढी नेणाऱ्या मिस्टर टार्व्हरची लांबलचक गाडी.
आमची अख्खी वस्ती
माझ्या बापाच्या अक्षरात वाचायला शिकली.

एस काढताना श्वास धर, म्हणायचे,
दिसतो हंसासारखा, अडतो खेचरासारखा.
ओ मिटला की हात उचल, गिरवत बसू नकोस.
आरबद्दल मात्र काही बोलायचे नाहीत.
आर त्यांचा स्वतःचा होता:
उजवा पाय जरा लांब, पुढे टाकलेला,
टोकाशी किंचित उचललेला,
उंबऱ्याशी थबकलेल्या माणसासारखा.

मी आता डेट्रॉइटला असते, अक्षरंच काढते,
पडद्यावर, एकेक बिंदू ओढत.
कधी मंचावर बोलावतात. विचारतात,
काळी कलावंत म्हणून तुमची ओळख
आणि तुमचं काम, यांचं नातं काय?
मी पाणी पिते. आजीच्या गोधड्यांबद्दल सांगते.
लोकांना आवडतं.
आजीला शिवणाचा भयंकर कंटाळा होता.

गेल्या मार्चमध्ये गावी गेले,
पाऊण तास मोकळा होता म्हणून संग्रहालयात शिरले.
काचेच्या पेटीत बसस्टँडवरची पाटी.
पांढरा पत्रा, काळी अक्षरं:
वेटिंग रूम. फक्त गोऱ्यांसाठी.
रूममधला आर.
उजवा पाय जरा लांब.

मॅडम, काचेला हात लावू नका,
रखवालदार म्हणाला. आमच्यातलाच, कोवळा पोरगा.

आर्डेल मावशी एक्याण्णव वर्षांची आहे.
फोनवर मागे टीव्ही चालू होता.
हो, त्यानंच केली, म्हणाली.
अडीच डॉलर मिळाले. तुझ्या वेळच्या सुईणीचे द्यायचे होते.
मी म्हटलं, मग निदान वाकडी तरी काढायची!
इतकी देखणी कशाला?
ती गप्प. टीव्हीवर कुणीतरी गाडी जिंकलं.
मग म्हणाली,
काढली होती गं. मुद्दाम वाकडी.
घरी आला, जेवला नाही,
कंदील घेऊन परत गेला,
पुसली आणि पुन्हा लिहिली.
टर्पेंटाइननं हात धुतले, दोनदा.
ते वाकडेपण त्याला पाहवेना.

हाताला वळण लागतं म्हणतात, ते हेच असेल
तर मला त्याची भीती वाटते.

माझ्या नव्या टंकाची पंचवीस अक्षरं तयार होती.
आर राहिला होता.
एका रात्री त्याचा पाय मी आखूड केला,
इतरांच्या आरसारखा, नीट, आटोपशीर.
मग 'रिव्हर' टाइप केलं. 'ब्रदर' टाइप केलं.
वडिलांचं नाव, हार्लन, तेही टाइप केलं.
प्रत्येक शब्द लंगडत होता,
कुणी खुर्चीचा एक पाय कापावा तसा.

पहाटे दोनला पाय परत जोडला.
जेवढा लांब होता तेवढाच.
फक्त एक बिंदू खाली ओढला:
टोक आता उचललेलं नाही.
टेकलंय, रेघेवर, आतल्या बाजूला.

बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही.
त्यांनी पाहिलं असतं तर
चष्मा कपाळावर सरकवून,
बराच वेळ काही न बोलता, शेवटी म्हणाले असते:
इथे रंग थोडा जास्त झालाय.